मारिताच्या बरणीतल्या पुड्या

सोमवारी सकाळी मारिता सगळ्यात आधी खेळाडूंच्या खोल्या धुवायला घ्यायची. घाण आधी उरकून टाकलेली बरी, म्हणजे मग कॉफी गोड लागते, असं तिचं म्हणणं. हातात रबरी मोजे, एक बादली आणि घरातलं जुनं उलथनं. एके काळी त्या उलथन्यानं ती मासे परतायची. आता कुणी त्याला सोन्याचा मुलामा देऊन परत दिलं असतं, तरी तिनं ते स्वयंपाकघरात नेलं नसतं.

त्या उलथन्यानं ती पुड्या खरवडायची. स्नूसच्या पुड्या, तोंडात धरायच्या तंबाखूसारख्या. करंगळीच्या पेराएवढ्या, चहाच्या पिशवीसारख्या, वरच्या ओठाखाली तास तासभर मुरवलेल्या आणि मग असेल तिथे थुंकून दिलेल्या. बाकांच्या खाली, न्हाणीच्या जाळीत, बेसिनच्या भोकात, बुटांच्या कपाटात. आणि छताला! ओली पुडी वर फेकून छताला कोण चिकटवतं, याची पोरांत शर्यत लागायची. मग ती पुडी वाळायची आणि पंधरा दिवसांनी खाली पडायची. पडायची ती नेमकी मारिताच्या मानेवर.

"शी! शी शी शी!" मारिता एकटीच ओरडायची आणि मान धुवायला पळायची. "आईबापांनी काय शिकवलंय या कार्ट्यांना? थू तुमच्या जिनगानीवर!"

ग्रानसेले गावातल्या आइस हॉकीच्या हॉलची ती एकवीस वर्षं राखणदार होती. बर्फ तीच घासायची, त्या रणगाड्याएवढ्या यंत्रावर बसून. दिवे तिच्याकडे, किल्ल्या तिच्याकडे, तुटलेल्या काठ्यांचा ढीग तिच्याकडे. बर्फावर सांडलेलं रक्त तिनं पुसलं होतं, पोरांची ओकारी पुसली होती, एकदा तर कुणाचा तरी अर्धा दात बर्फातून खोदून काढून, कागदात गुंडाळून त्याच्या आईला नेऊन दिला होता. तेव्हा तिच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं. पण पुडी दिसली की तिला मळमळायचं. "रक्त सगळ्यांचं सारखंच असतं गं," ती म्हणायची, "पण दुसऱ्याच्या तोंडातला चोथा? तो मी का म्हणून उचलू?"

आणि हे म्हणताना तिच्या स्वतःच्या वरच्या ओठाखाली, डाव्या बाजूला, पुडी असायची.

हो, होती. खोटं कशाला सांगायचं? पंधराव्या वर्षापासून होती, म्हणजे बेचाळीस वर्षं झाली. पण मारिताच्या लेखी तिची गोष्ट वेगळी होती. तिची पुडी जुन्या पद्धतीची, तपकिरी, खऱ्या तंबाखूची, तिच्या आजोबांच्या वेळेपासून त्याच डबीतली. आणि मुख्य म्हणजे ती थुंकत नव्हती. डबीच्या झाकणात वर एक छोटा कप्पा असतो, तो चोथ्यासाठीच असतो. चोथा तिथे ठेवायचा, कप्पा भरला की कचऱ्यात रिकामा करायचा, ही माणसाची रीत. बेचाळीस वर्षांत तिची एक पुडी कधी जमिनीवर पडली नव्हती, आणि याचा तिला केवढा तरी अभिमान! आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, त्यातली गत.

हे नवीन पोरांचं काय, तर पांढऱ्या पुड्या. तंबाखूसुद्धा नाही त्यात, नुसतं निकोटिन, आणि वास पुदिन्याचा, टरबुजाचा, कोलाचा. "औषधाच्या गोळ्या चघळतात का लॉलीपॉप, तेच कळत नाही," मारिता म्हणायची. अठराच्या आतल्यांना विकायला बंदी आहे म्हणे. बंदी आहे खरी, पण हॉलमधलं गटार काही ते सांगत नव्हतं.

सप्टेंबरात एकदा बेसिन तुंबलं. तिनं खालची नळी उघडली, तर आतून पांढऱ्या मऊ पुड्यांचा गोळाच्या गोळा बादलीत पडला, मुठीएवढा, केसांत गुंतलेला. मारिताला तिथेच उमासा आला. डोळ्यांना पाणी आलं आणि त्या पाण्यातच तिला राग आला. काकडीच्या लोणच्याची पाच लिटरची रिकामी काचेची बरणी कपाटावर होती. तिनं तो गोळा उलथन्यानं उचलून बरणीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. "थांबा," ती बरणीला म्हणाली. "भरू दे एकदा. मग दाखवते तुम्हाला तुमच्या आईबापांना."

त्या दिवसापासून एकही पुडी कचऱ्यात गेली नाही.

आता तूवाबद्दल सांगायला हवं. तूवा मारिताची नात, लेकीची लेक, सोळा वर्षांची. लेक उत्तरेकडच्या खाणीत आठवड्याच्या पाळीवर जायची, त्या आठवड्यात तूवा आजीकडे राहायची. मुलींच्या संघाची गोलकीपर. गुडघ्यावर बसून फळीसारखी आडवी व्हायची आणि चकती अडवायची तेव्हा मारिताचा जीव वरखाली व्हायचा. नोव्हेंबरच्या शेवटी जिल्ह्याच्या संघाची निवड होती, तीही इथेच, याच हॉलमध्ये. निवड झाली की दक्षिणेतल्या हॉकीच्या शाळेचं दार उघडणार. तूवाला दुसरं काही नको होतं. भिंतीवर तिनं त्या शाळेचं चित्र लावलं होतं आणि बर्फावरचे स्केटचे बूट घालून दात घासायची, इतकी वेडी.

आणि तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट.

यंत्र बर्फ घासतं तेव्हा निघालेला चुरा हॉलच्या मागे ओततात, त्याचा डोंगर होतो, मे महिन्यापर्यंत वितळत नाही. त्या डोंगराच्या आडोशाला तेरा वर्षांची तूवा एक दिवस उभी होती आणि तिच्या बोटांत सिगारेट होती. मारिताला वास आधी आला. तो वास तिनं जन्मभर ओळखला असता. तिचा बाप, हेल्गे, लाकडाच्या गिरणीत होता आणि दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. शेवटची चार वर्षं त्यानं खुर्चीत बसून काढली, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी, आणि रात्रंदिवस घरात तो खोकला. मारिता तेव्हा वीसची होती, पोटात पोर होती, आणि बापाची थुंकीची वाटी तीच धुवायची. पुढे बाप गेला तेव्हा तिनं शपथ घेतली, माझ्या घरात पुन्हा धूर होणार नाही.

"ए भवाने!" तिनं तूवाला कोपराला धरून डोंगरामागून बाहेर ओढलं. "टाक ती! टाक आधी! पणजोबाला बघितलं नाहीस म्हणून. मी बघितलंय!"

"आज्जी, एकच होती गं…"

"त्याचीही एकच होती. पहिली."

घरी नेऊन तिनं तूवाला स्वयंपाकघरात बसवलं, दालचिनीचा पाव समोर ठेवला आणि पणजोबाची सगळी कहाणी ऐकवली, वाटीसकट. पोरगी रडली. मग मारिताचं मन विरघळलं. तेरा वर्षांची पोर, वर्गातल्या सगळ्या करतात, ही नाही म्हणाली तर एकटी पडेल. आणि तेव्हा तिनं ते केलं. इथे कितीतरी समजूतदार माणसं करतात, अगदी तेच. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावरून तिनं पांढऱ्या पुड्यांची डबी आणली, पुदिन्याची, सगळ्यात सौम्य.

"हे बघ," ती म्हणाली, "अगदी राहवलंच नाही तर हे. पण धूर नाही. शपथ घे."

"शपथ."

"आणि अशी ठेवायची. पुढे नाही, पुढे ठेवली की ओठ फुगतो, बेडकीसारखी दिसशील. डावीकडे वर, सुळ्याच्या मागे. हसलीस तरी कुणाला दिसणार नाही." तिनं स्वतःचा ओठ उचलून जागा दाखवली. "आणि चोथा झाकणात. थुंकायचं नाही."

त्या रात्री मारिता शांत झोपली. पोरीला वाचवलं, असं तिला वाटलं. दगडापेक्षा वीट मऊ.

तर बरणी. ऑक्टोबर संपायला ती गळ्यापर्यंत आली. वरच्या ताज्या पांढऱ्या, खालच्या पिवळट, मग राखाडी, तळाशी काळसर पाणी. संघाचा प्रशिक्षक होकान एकदा कॉफी घ्यायला तिच्या खोलीत आला आणि बरणीपुढे उभा राहिला.

"काय गं हे? मशरूमचं लोणचं?"

"तुझी पोरं," मारिता म्हणाली. "तुझ्या सतरा पोरांच्या नि सोळा पोरींच्या तोंडातलं. दोन महिन्यांचं."

"ओ, देवा." होकाननं तोंड फिरवलं. त्याच्याही ओठाखाली पुडी होती. फुगवटा स्पष्ट दिसत होता. "मी सांगतो त्यांना. थुंकू नका म्हणून सांगतो दर वेळी."

"थुंकू नका म्हणून सांगतोस. घेऊ नका म्हणून नाही सांगत?"

"आता मी काय सांगणार?" तो हसला आणि जिभेनं पुडी वर सरकवली. "खेळतात ना जीव तोडून. सिगारेट तर ओढत नाहीत."

मारितानं त्याला कॉफी दिली नाही. यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं.

पालकांची सभा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. विषय नेहमीचेच. संघाच्या निधीसाठी पोरांनी दारोदार फिरून विकायच्या टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यांची वाटणी, कँटीनमध्ये कुणाची पाळी, निवडीच्या दिवशी वाफल कोण करणार. टेबलावर थर्मास, केशरी पाव, बिस्किटांचे सात प्रकार. मारितानं मधोमध जागा केली आणि बरणी ठेवली, ठक्कन.

मग एक आई खुर्ची मागे सरकवत म्हणाली, "मारिता! खाण्याच्या शेजारी?"

"का? तोंडातलंच आहे. तुमच्याच लेकरांच्या."

"शी, काढ गं ते, मला मळमळतंय."

"मलाही मळमळतं," मारिता म्हणाली. "दर सोमवारी. आता सोमवार तुमचा."

कुणी हसलं, कुणी नाकाला रुमाल लावला. एकानं विचारलं, सफाईसाठी पोरांचीच पाळी लावता येईल का. दुसरी म्हणाली, प्रत्येक खोलीत झाकणाचा छोटा डबा ठेवूया, छानपैकी, आपल्या संघाच्या रंगाचा. ही सूचना सगळ्यांना आवडली. डबा! लिहूनही घेतला कुणीतरी. मारिता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना बरणीची किळस आली होती. पोरांच्या तोंडाची नाही.

"अरे पण ती घेतातच कशी?" ती शेवटी ओरडली. "चौदा-पंधरा वर्षांची पोरं! आणून कोण देतं त्यांना?"

कुणी कुणाकडे बघेना. मग स्टेफान नावाचा एक बाप, सुतार, भला माणूस, पावाचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणाला, "मी देतो. लपवायचं काय त्यात? माझा म्हातारा सिगारेटनं गेला, मारिता. तुझाही गेला. दगडापेक्षा वीट मऊ. निदान ओढत तर नाही पोरगी."

आजूबाजूच्या माना हलल्या. हो ना. निदान ओढत तर नाहीत.

मारितानं बरणीवर हात ठेवला. तिचंच वाक्य तिच्या समोर बसून कॉफी पीत होतं. बरणी उचलून ती खोलीत परत आली आणि पहिल्यांदाच तिनं काचेतून नीट पाहिलं. थर थर होते. पांढऱ्या पुड्या, सगळ्या सारख्या. यातल्या तूवाच्या किती, हे तिला ओळखता येईना. तूवा झाकणातच ठेवते, तिनं स्वतःला सांगितलं. तिला मी शिकवलंय.

पुढच्या मंगळवारी तूवाची दातांची तारीख होती. निवडीच्या आधी खेळताना दात वाचवणारं तोंडातलं कवच नवीन करायचं होतं, म्हणून मारिताही सोबत गेली. दात साफ करणारी इल्वा गावातलीच, मारिताच्या लेकीच्या वर्गातली. आधी हसतखेळत बोलत होती. मग तिनं दिवा जवळ ओढला. आरसा फिरवत ती बराच वेळ एकाच जागी बघत राहिली.

"मारिता, इकडे ये," ती म्हणाली. "बघ."

मारितानं वाकून पाहिलं. तूवाचा डावा सुळा बाकीच्या दातांपेक्षा लांब दिसत होता. लांब नव्हता, हिरडी वर सरकली होती, आणि आतलं पिवळसर मूळ उघडं पडलं होतं. वरची कातडी पांढरट, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ बुडवलेल्या बोटासारखी. सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडात म्हातारीचं बोट. मारिताला तो ओळखीचा उमासा आला, सोमवारचा.

"दिवसाला किती?" इल्वानं विचारलं.

"दहा," तूवा म्हणाली.

"तूवा."

"पंधरा. कधी वीस."

"किती स्ट्राँग?" तूवानं खिशातून डबी काढून दिली. इल्वानं मागचा आकडा वाचला आणि भुवया उंचावल्या. मारिताला आठवलं, तिनं आणलेली डबी सौम्य होती. ही ती नव्हती. "आणि झोपताना?"

"एक ठेवते. नाहीतर पहाटे जाग येते."

इल्वानं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि नाडी मोजली. आडवी पडलेली, काही न करता पडलेली पोर, आणि नाडी धावत होती. छातीत धडधड होते का, विचारलं. होते, तूवा म्हणाली, सामन्याआधी होते, हात कापतात, मग पुडी घेतली की थांबतात.

"पुडी तुला शांत नाही करत, बाळा," इल्वा म्हणाली. "पुडीनं आणलेली थरथर पुडीच थांबवते. उतरली की परत. आणि तुझ्या वयात डोकं अजून घडतंय, त्यात ही सवय मोठ्या माणसापेक्षा खोल जाते. हिरडी तर गेलीच, ती काही परत वाढत नाही. पुढे जाऊ नये एवढंच बघायचं." मग तिला काहीतरी वेगळं सुचलं. "पण इतक्या मागे, वर कशी ठेवतेस? पोरं पुढे ठेवतात. ही तर जुन्या माणसांची जागा."

तूवा छताकडे बघत होती. "आज्जीनं दाखवली," ती म्हणाली.

इल्वानं आरसा बाजूला ठेवला. तिनं फक्त मारिताकडे पाहिलं, आणि मारिताची जीभ आपोआप वर गेली, डावीकडे, सुळ्याच्या मागे. तिथे तिची हिरडी कधीच गेलेली होती. तीच जागा. बोटभरही इकडे तिकडे नाही.

दोघी गाडीत बसल्या. लाल दिव्याला तूवा म्हणाली, "तू सोडशील का?"

"मी?"

"सोडायची तर दोघींनी. मी एकटी नाही सोडणार."

"अगं, मी बेचाळीस वर्षं…"

"मग मी पण सुरू ठेवते बेचाळीस वर्षं."

मारितानं खिडकीची काच खाली केली आणि स्वतःची डबी रस्त्याकडेच्या बर्फात फेकणार, एवढ्यात तिला स्वतःचीच लाज वाटली. घरी येऊन कचऱ्यात टाकली, नीट, पिशवीत बांधून. तूवानंही तिच्या दोन टाकल्या, एक दप्तरातली, एक गोलकीपरच्या पॅडमधली.

मग सुरू झाले ते दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. मारिता चिडचिडी झाली, कुणालाही टाकून बोलू लागली. चौथ्या दिवशी यंत्राचं पाणी बंद करायला विसरली आणि शिक्षा झालेल्या खेळाडूंना बसवायचं बाक गुडघाभर पाण्यात गेलं. तूवा शाळेतून घरी यायची ती दारं आपटत. रात्री दोघी स्वयंपाकघरात गाजरं चावत बसायच्या, सशांसारख्या, आणि एकमेकींवर खेकसायच्या. पण दहा दिवस झाले. तूवाची नाडी मारिता रोज मनगटाला धरून मोजायची आणि ती खरंच हळू होत होती. पोरगी एकदा पहाटेपर्यंत सलग झोपली. मारितानं दाराच्या फटीतून पाहिलं आणि तिला रडू आलं.

फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सहाव्या दिवशी ती पेट्रोल पंपावर गेली होती आणि तिनं आपली तपकिरी डबी आणली होती. उघडायची नव्हती. डबीभोवतीची कागदी पट्टी फाडायची नव्हती. नुसती कोटाच्या खिशात असावी, हात घातला की लागावी. अडीनडीला म्हणून. पट्टी शाबूत आहे तोवर आपण सोडलेलीच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. इतकी वर्षं स्वतःला समजावण्यात ती तरबेज झाली होती.

निवडीचा दिवस आला. वाफलचा वास, पालकांची गर्दी, दक्षिणेतून आलेले दोन निवडकर्ते हातात कागद घेऊन. तीन भागांचा सामना. पहिल्या भागात तूवानं एक गोल सोडला, दुसऱ्यात दोन. मारिता काचेमागून बघत होती. पोरीचे हात जाड मोज्यात होते, तरी ते कापताहेत हे तिला कळत होतं.

दुसऱ्या विश्रांतीत तूवा यंत्राच्या खोलीत आली. हेल्मेट काढलेलं, केस घामानं चिकटलेले, ओठ पांढरे.

"आज्जी, एक दे."

"नाही माझ्याकडे."

"कुणाकडून तरी आण. होकानकडून आण. एकच. मला चकती दिसत नाहीये, आज्जी. मला त्या शाळेत जायचंय."

मारितानं तिला छातीशी धरलं, पॅडसकट, घामासकट. "दहा दिवस काढलेस तू. पाणी पी. श्वास घे. नाही निवडलं तर नाही निवडलं, पुढच्या वर्षी बघू. पण मी पुन्हा तुझ्या हातात ते देणार नाही. एकदा दिलं, ते पुरे झालं मला."

"तेव्हा मी मागितलं पण नव्हतं," तूवा म्हणाली. "आता मागतेय."

घंटा वाजली. बर्फ घासायची वेळ झाली. मारिताला जावंच लागलं. कोट खिळ्यावर अडकवून, निळा डगला चढवून ती यंत्रावर बसली आणि बाहेर पडली. गोल गोल फिरताना सारखी मागे बघत होती. पोर त्या खोलीतच खाली मान घालून बसली होती.

तिसऱ्या भागात तूवाच्या जागी कुणी दुसरीच खेळतेय असं वाटावं. एकामागून एक तिनं सगळं अडवलं, पायानं, छातीनं, एकदा तर हेल्मेटनं. लोक उभे राहून ओरडत होते. मारिताही ओरडली, घसा बसेपर्यंत. बघा, ती शेजारच्या स्टेफानला म्हणाली, बघा, त्या घाणीशिवाय खेळते माझी पोर! शिट्टी झाली, संघ तूवाच्या अंगावर कोसळला, आणि निवडकर्त्यांनी कागद वाचला, तर दुसऱ्याच क्रमांकावर तिचं नाव.

सगळे बर्फावर उतरले. मारिता गोलची जाळी सरकवायला पुढे गेली, यंत्र फिरवायचं म्हणून. आणि खांबाच्या मागे, लाल रेघेवर, तिला ती दिसली.

पुडी. पांढरी नव्हती. मोठी, जुन्या पद्धतीची, तपकिरी. अजून गोठली नव्हती. भोवतीच्या बर्फात तपकिरी पाणी पसरत होतं.

या संघात तपकिरी कुणी घेत नाही, हे मारिताइतकं कुणाला ठाऊक होतं? बरणीत एकही नव्हती. खोलीतल्या खिळ्यावरचा कोट तिच्या डोळ्यांपुढे आला. पट्टी शाबूत आहे की नाही, हे बघायला जायची गरजच नव्हती.

"शी!" होकान तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्यानंही पाहिली. "गोलमध्ये? आज? निवडकर्ते बघताहेत आणि… कुणी टाकली ही घाण?"

चारसहा माना वळल्या. तूवा पलीकडेच उभी होती, हातात फुलं, हेल्मेट काखेत. हसता हसता तिचा चेहरा उतरला. तिचं बोट वरच्या ओठावर गेलं, डावीकडे.

"माझी आहे," मारिता म्हणाली.

"तुझी?" होकान हसायलाच लागला. "तू, आणि जमिनीवर? एकवीस वर्षांत पहिल्यांदा! आम्हाला बरणी दाखवतेस ना?"

सगळे हसले. स्टेफान म्हणाला, झाकण विसरली वाटतं म्हातारी. तूवा हसली नाही.

मारिता खाली वाकली. उलथनं खोलीत होतं, मोजेही खोलीत. ती आणायला गेली नाही. उघड्या बोटांनी तिनं ती पुडी बर्फावरून उचलली आणि मुठीत घट्ट धरून यंत्राकडे चालू लागली.